केबिनच्या खिडकीची एबीएस ट्रिम तडकली : चिकटवावी, वितळवून जोडावी की नवी करावी?

तांडेल

बोटी वर घेतल्या आहेत, नारळी पौर्णिमेपर्यंत वेळ आहे, म्हणून हे काम काढलं. बोट २८ फुटी, फायबरची केबिन क्रूझर, जुनी आयात केलेली. खिडक्यांना आतून पांढऱ्या प्लॅस्टिकची एकसंध चौकट (ट्रिम) आहे. बाहेरून माप ६२० × ३१० मिमी. सपाट भागात जाडी ३ मिमी, कोपऱ्यांत मात्र १.८ भरते. मागे एबीएसचा शिक्का आहे. समोरून पिवळट पडली आहे, मागून अजून पांढरी.

नुकसान असं : खालच्या पट्टीतल्या चार स्क्रूंपैकी तीन भोकांतून कडेपर्यंत चिरा. डाव्या खालच्या कोपऱ्यातून ९० मिमीचा तडा, आणि तो पुढे सरकतोय. उजव्या खालच्या कोपऱ्याचा ४० × २५ मिमीचा तुकडा गायब. वरच्या पट्टीला काहीही झालेलं नाही.

ही चौकट आता नवी मिळत नाही. आधीच्या कोणीतरी फेविक्विक ओतून ठेवलंय, तेही सुटलंय. प्रश्न तीन. कशाने जोडू? गेलेला तुकडा कसा भरू? आणि तडे फक्त खालीच का?

कानसवाला

तिसऱ्या प्रश्नापासून सुरू करा. तो सुटला नाही तर पहिल्या दोनांची उत्तरं पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा शोधावी लागतील.

एबीएस तापलं की फायबरग्लासच्या तिप्पट-चौपट प्रसरण पावतं. तुमच्या ६२० मिमीच्या पट्टीला ३० अंशांचा फरक मिळाला (बंद केबिन, उन्हातली खिडकी, म्हणजे रोजचंच) तर ती साधारण दीड मिमी वाढते. मागचं फायबर अर्धा मिमी वाढतं. उरलेला एक मिमी कुठेतरी जायला हवा. ३.५ मिमीच्या स्क्रूला ३.५ मिमीचंच भोक असेल तर तो भोकाच्या कडेवर जातो. त्यात स्क्रू चपट्या, आत बसणाऱ्या डोक्याचा असला तर त्याची उतरती बाजू पाचरीसारखी भोक फाकवत राहते. चीर नेहमी भोकातून जवळच्या कडेकडे जाते ती यामुळे.

पण हे वरच्या पट्टीलाही लागू आहे आणि ती शाबूत आहे. म्हणजे खाली आणखी काहीतरी चाललंय. मला दोन शक्यता दिसतात.

एक, खिडकी गळते. पाणी खालच्या कडेत साचतं, फायबरच्या दोन थरांमधला प्लाय किंवा बाल्सा (हलकं लाकूड) फुगतो आणि ट्रिमला आतून ढकलतो. चौकट काढा, खिडकीच्या कापलेल्या कडेला टोचा मारून बघा. टोचा लोण्यात गेल्यासारखा गेला, किंवा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर टणक आवाजाऐवजी भद्द आवाज आला, तर दुखणं प्लॅस्टिकचं नाही.

दोन, रसायन. काच पुसायचा फवारा, सनस्क्रीन, डासांचं मलम हे सगळं ओघळून खालच्या पट्टीवर जमा होतं. डीट असलेलं मलम एबीएसला सरळ मऊ करतं. ताणाखालच्या एबीएसला असं काही लागलं की आधी केसासारख्या बारीक रेषा येतात, मग त्या जोडल्या जातात. स्क्रूभोवती मकडीच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात का ते भिंगाखाली बघा.

खारा_वारा

चौकट काढायच्या आधी थांबा, एक गोष्ट तपासा. ही ट्रिम नुसती शोभेची आहे की काच तिच्यावर धरलेली आहे?

बाहेरच्या ॲल्युमिनियम चौकटीला स्वतःचे स्क्रू दिसत असतील तर आतली बहुधा शोभेची. बाहेर एकही स्क्रू नसेल आणि आतले स्क्रू लाकडात न जाता नळीसारख्या धातूच्या नटांत जात असतील, तर आतली आणि बाहेरची चौकट मिळून खिडकी चिमटीत धरतात. अशा वेळी सगळे स्क्रू एकदम काढले तर खिडकी बाहेर पडते. बोट पाण्यात असली तर खाडीत. बाहेरून दोन जाड चिकटपट्ट्या आडव्या मारून मगच हात लावा.

आणि तशी चौकट असेल तर नुसत्या चिकटवण्यावर भागवू नका. खालून ३ × १५ मिमीची ॲल्युमिनियमची सलग पट्टी द्या, म्हणजे स्क्रूचा दाब पट्टी घेईल, प्लॅस्टिक फक्त झाकेल.

वेल्डकाडी

शिक्का एबीएसचा आहे म्हणजे अर्धं काम सोपं. एबीएस ॲसिटोनमध्ये विरघळतं, म्हणून जोड गोंदाचा नसतो, त्याच प्लॅस्टिकचा असतो. तरी मागच्या बाजूला कोपऱ्यात ॲसिटोनचा एक थेंब टाकून बोटाने बघा. चिकट झालं पाहिजे.

*साफसफाई.* साबण-पाणी, कोरडं करणं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. थिनर नको, त्यातलं टोल्युइन पृष्ठभाग खातं. फेविक्विक ॲसिटोनने सुटतं हे खरं, पण सोबत ट्रिमही सुटते. ते कानशीने आणि ब्लेडने खरवडूनच काढायचं. जुनं सिलिकॉन असेल तर एक कणही ठेवू नका. त्याच्यावर काही चिकटत नाही आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

*तडा थांबवणं.* ९० मिमीच्या तड्याचं टोक दिसतं त्याच्या पुढे असतं. तुकडा किंचित वाकवा, पांढरट झाक जिथे संपते तिथे २.५ मिमीचं भोक पाडा. हे भोक चुकलं तर बाकी सगळं चुकलं.

*जुळवणी.* तडा बंद करून समोरच्या बाजूने ॲल्युमिनियमची चिकटपट्टी लावा. चौकट पालथी करून सपाट जागी दाबून ठेवा. ओट्याचा ग्रॅनाइट उत्तम. मध्ये पॉलिथिनचा कागद घाला, त्याला ॲसिटोन काही करत नाही.

*खाच.* मागून तड्याच्या रेषेवर व्ही आकाराची खाच, ३ मिमी जाडीत २ मिमी खोल. कोपऱ्यातल्या १.८ मिमीच्या भागात १ मिमीपेक्षा खोल जाऊ नका. त्रिकोणी कानस किंवा ब्लेडची पाठ पुरते. रोटरी टूल वेगात चालवलंत तर प्लॅस्टिक वितळून खाचेत गोळा होतं.

*पेज.* दोन प्रकारची लागते. पातळ : १० ग्रॅम एबीएस, ३० मिली ॲसिटोन. घट्ट : १० ग्रॅमला १५ मिली. एबीएस कुठून आणायचं? थ्रीडी प्रिंटरची १.७५ मिमीची तार. १० ग्रॅम म्हणजे साधारण चार मीटर. बारीक तुकडे करून काचेच्या बरणीत, धातूच्या झाकणाखाली रात्रभर ठेवा. रंग अगदी जुळवायचा असेल तर चौकटीच्या मागच्या लपलेल्या कडेतून कीस काढा, पण तो मागचा पांढरा रंग आहे, समोरचा पिवळट नाही. रंगवणार असाल तर या खटाटोपात पडू नका.

*जोड.* तड्याच्या दोन्ही कडांना ब्रशने नुसतं ॲसिटोन, २०-३० सेकंद थांबा, पातळ पेज भरा, दाबा. बारीक मणी बाहेर आला म्हणजे आत पोचलं. तो पुसू नका, सुकल्यावर कापा. २४ तास.

*भरण.* खाचेत घट्ट पेज, एका वेळी पाऊण मिमीपेक्षा कमी थर, दोन थरांत ६ ते ८ तास. बहुतेकांचं बिनसतं ते इथे. पेजेतला निम्म्याहून जास्त भाग ॲसिटोन आहे, तो उडून जाणार, म्हणजे थर बसणार. एकदम भरलं तर वर साय धरते, आतलं ॲसिटोन अडकतं आणि दोन दिवसांनी फोड येतात.

*आधार.* मागून २ मिमी एबीएस शीटची २५ मिमी रुंद पट्टी, तड्याच्या दोन्ही टोकांपुढे ३० मिमी जाईल इतकी लांब. पट्टीच्या कडा उतरत्या करा. सरळ काटकोनी कड ठेवली तर पुढचा तडा नेमका तिच्या रेषेत जातो. पातळ पेजेने चिकटवा, ७२ तास स्क्रू लावू नका.

आता पावसाळ्याचं. ॲसिटोन उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि कोकणातल्या जुलैच्या हवेतलं पाणी त्यावर धरतं. जोड दुधी पांढरा दिसला तर समजा पाणी शिरलं. तो जोड कमजोर आहे, कापून पुन्हा करा. उघडीप बघून दुपारी करा, आणि तुकडा आधी हाताला ऊबदार लागेल इतका गरम करून घ्या.

खारा_वारा

वरच्या प्रतिसादात एक ओळ राहिली. यातलं काहीही बोटीत बसून करू नका. ॲसिटोनची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बिल्जमध्ये (बोटीच्या तळात) जाऊन बसते. तिथे बिल्ज पंपाचा फ्लोट स्विच आहे, बॅटरीचे जोड आहेत. ॲसिटोनची वाफ ठिणगीने पेटू शकते ते किमान तापमान उणे २० अंशांच्या आसपास आहे, म्हणजे भडका उडायला हवामान कधीच प्रतिकूल नसतं. चौकट काढा, घरी न्या. जी ट्रिम निघतच नाही तिथे वितळवणीऐवजी इपॉक्सी वापरा आणि बॅटरीचा मेन स्विच बंद ठेवा.

साउदम्प्टनकर

वेल्डकाडी यांची पद्धत नव्या एबीएससाठी बिनतोड आहे. जुन्यासाठी मी इतकी खात्री देणार नाही.

एबीएसमधला ब, म्हणजे ब्युटाडाइन, हा रबराचा भाग. चिवटपणा त्याचाच. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन आधी त्यालाच खातात. समोरचा पिवळा थर म्हणजे हे रबर मेलेलं आहे. जोड कितीही पक्का केला तरी शेजारचं प्लॅस्टिक ठिसूळच राहतं, आणि पुढचा तडा जोडाच्या १० मिमी बाजूला पडतो. हायड्रोजन पेरॉक्साइडने पिवळेपणा घालवतात, त्यानेही रंग परततो, चिवटपणा नाही.

म्हणून खालची पूर्ण पट्टी मागून काचकापड आणि इपॉक्सीने मढवा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, आणि दोन्ही उभ्या पट्ट्यांवर ४० मिमी चढवून. २०० ग्रॅमचं विणलेलं कापड, दोन थर. एबीएस ८० नंबरच्या पेपरने घासून पूर्ण मॅट करा, चकाकी कुठेही राहिली तर तिथून सुटेल. इपॉक्सी चिवट प्रकारची हवी. वेस्ट सिस्टिमची जी/फ्लेक्स यासाठीच आहे, मोजमाप आकारमानाने १ : १. भारतात ती मिळाली नाही तर साधी, सावकाश सुकणारी अराल्डाइट चालेल, वजनाने १०० भाग रेझिनला ८० भाग हार्डनर. पाच मिनिटांत सुकणाऱ्या इपॉक्सी या कामाला टाळा, त्या दमट हवेत आणि उन्हात लवकर मऊ पडतात.

दमट हवेत इपॉक्सीच्या वर मेणचट थर येतो. तो पेपरने घासू नका, पसरतो. आधी पाणी आणि हिरव्या घासणीने धुवा, मग घासा.

वेल्डकाडी

मुद्दा मान्य. पण दोन्ही करायचं असेल तर क्रम आणि वेळ सांभाळा. पेजेचा जोड झाल्यावर किमान चार दिवस थांबून मगच इपॉक्सी. लवकर केलं तर अडकलेलं ॲसिटोन इपॉक्सीखाली बसून राहतं, आणि ते एबीएसला मऊच ठेवतं.

आणि दोन थर कापड म्हणजे मागून सुमारे अर्धा मिमी जाडी वाढते. काचेच्या रबरावर चौकट टेकत असेल तर चाचणी म्हणून आधी अर्ध्या मिमीचा पुठ्ठा लावून बसवून बघा. कापड करणार असाल तर माझी २ मिमीची आधारपट्टी नको, दोन्ही नकोत.

रापण

सगळे ॲसिटोन आणि इपॉक्सीतच अडकलेत. दोन भागांचे मेथाक्रिलेट गोंद कोणी काढत कसं नाही? एबीएस, पीव्हीसी, ॲक्रिलिक, फायबरग्लास, सगळ्यांना प्रायमरशिवाय धरतात. बस-ट्रकच्या बॉडीचं काम करणाऱ्यांकडे हे असतात. मिसळायची नळी लावून काडतुसातून थेट.

तोटे सांगतो. काम करायला काही प्रकारांत पाचच मिनिटं मिळतात, तेव्हा कोरडी जुळवणी आधी दोनदा करा. वास असा की शेजारी विचारायला येतात. आणि सुकताना तापतो : १.८ मिमीच्या कोपऱ्यात मागून जाड थर लावलात तर समोर त्याची सावली उमटते, आणि ती रंगाखालूनही दिसते. तिथे १ मिमीच्या आत थर ठेवा.

गरम पिना खुपसायचं मशीन (मोटारीच्या बंपरवाले वापरतात ते) कृपया या ट्रिमला नको. ३ मिमीमध्ये पिनेचा उंचवटा समोर येतो. शिवाय पिना कुठल्या स्टीलच्या ते कळत नाही, आणि चुंबकाने तपासू नका, कारण ३०४ या चांगल्या स्टेनलेस स्टीलची ओढलेली तारही थोडी चिकटते. रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवून सकाळी बघा, तांबूस झाली तर फेका.

कानसवाला

गेलेला तुकडा कोणीच घेतला नाही, मी घेतो.

चौकट आयताकृती आहे आणि कोपरे सारखे असतील, तर उजवा खालचा कोपरा म्हणजे डावा वरचा कोपरा १८० अंशांत फिरवलेला. म्हणजे साचा चौकटीतच आहे. मात्र खात्री करा : वरच्या आणि खालच्या पट्टीची रुंदी, कडेची उंची सारखी आहे का? काही चौकटींत खाली पाणी जमण्यासाठी पन्हळ असते, मग हा मार्ग बंद.

डाव्या वरच्या कोपऱ्याच्या मागच्या बाजूला व्हॅसलिनचा पातळ हात फिरवा आणि प्लास्टर ऑफ पॅरिस ओता. हा उंचवट्याचा ठोकळा. पूर्ण वाळू द्या, किमान दोन दिवस. ओलसर ठोकळ्यावर गरम शीट ठेवली तर वाफेने खालून खड्डे पडतात.

एबीएसची २ मिमी शीट घ्या, ३ नको. समोरच्या भागाशी कड जुळवणं सोपं जातं आणि मागून कापड येणारच आहे. एबीएस हवेतली ओल शोषतं, म्हणून आकार द्यायच्या आधी ८० अंशांवर दोन-तीन तास सुकवा, नाहीतर तापवताना आत बुडबुडे येतात. मग हीट गनने १५०-१६० अंशांपर्यंत. थर्मामीटर नसेल तर खूण अशी : शीट आधी डगमगते, मग स्वतःच्या वजनाने ओघळू लागते. त्या क्षणी जाड चामड्याच्या हातमोज्याने ठोकळ्यावर दाबा आणि गार होईपर्यंत सोडू नका. चमक जाऊन पृष्ठभाग खरखरीत दिसायला लागला तर जास्त तापलं, दुसरा तुकडा घ्या.

तुटक्या कडेची वाकडीतिकडी रेषा सरळ कापून घ्या. नैसर्गिक तुटीला जुळवत बसणं म्हणजे संध्याकाळ वाया घालवणं. नवा तुकडा त्या सरळ रेषेला अर्धा मिमी फट ठेवून बसवा, फट पातळ पेजेने भरा, मागून दोन थर कापड. खडबडीत पोत उमटवायचा असेल तर चौकटीच्या चांगल्या भागाचा सिलिकॉनचा छाप घ्या आणि घट्ट पेज अर्धवट सुकलेली असताना त्यावर दाबा. छाप उचलताना ओढला तर पेज निघून येते. दहा मिनिटं धीर धरा.

मांडवीकाठ

याच धाग्यात विचारतो, वेगळा कशाला काढू. आमच्याकडे पणजीच्या धक्क्यावर एका बोटीत छतावरच्या हॅचची (झडपेची) आतली रिंग पारदर्शक आहे. ॲसिटोनचा थेंब टाकला तर विरघळली नाही, पांढरी होऊन तडकली. हेही एबीएसच का?

वेल्डकाडी

नाही, पॉलीकार्बोनेट. ॲक्रिलिक असतं तर बहुधा मऊही झालं असतं, आणि ॲक्रिलिकची कड ब्लेडने खरवडली तर चुरा निघतो, पॉलीकार्बोनेटची लांब वळलेली साल. दोघांनाही ॲसिटोन वर्ज्य, ॲक्रिलिकला अल्कोहोलही. फक्त साबण-पाणी.

तुमच्या रिंगेला स्क्रूभोवतीच तडे आहेत ना? स्क्रू सुटू नयेत म्हणून आट्यांना लावायचा तो द्रव लॉक कोणी लावलाय का ते विचारा. तो धातूंसाठी आहे. पॉलीकार्बोनेट आणि एबीएसला लागला की ताणाच्या जागी काही तासांत तडे. तिथे नायलॉनची रिंग असलेला नट लावा. आणि सीलंट निवडताना : पॉलीसल्फाइड या तिन्ही प्लॅस्टिकांना नको. सिकाफ्लेक्स २९१ सुद्धा ॲक्रिलिक-पॉलीकार्बोनेटला नको, त्यासाठी २९५ यूव्ही वेगळं आहे.

मांडवीकाठ

लॉकच लावलाय. निळा. कळलं.

चिंचोळी_खाडी

छताच्या फळ्यांच्या कडेला लावलेली राखाडी पट्टी आणि तिच्या खटक्यांबद्दल कोणी सांगेल का? ॲसिटोनने काहीच होत नाही, फेविक्विक नखाने निघतं, अराल्डाइट पापुद्र्यासारखं सुटतं. एक कपची पाण्यात टाकली, तरंगते.

कानसवाला

तरंगते म्हणजे पॉलीप्रॉपिलीन किंवा पॉलिथिन. एबीएस, पीव्हीसी, ॲक्रिलिक, पॉलीकार्बोनेट, नायलॉन सगळे बुडतात. समुद्राच्या पाण्यातही बुडतात, फक्त एबीएस अगदी सावकाश. (बुडबुडा चिकटला तर फसवतं, पाण्यात साबणाचा एक थेंब टाका.)

या दोघांना नुसत्या गोंदाचा उपयोग नाही. मार्ग दोन. त्याच प्लॅस्टिकच्या वेल्डिंग काडीने गरम हवेवर जोडा. काडी पॉलीप्रॉपिलीनचीच हवी, एबीएसची काडी त्याला धरत नाही. किंवा ब्लो टॉर्चची निळी ज्योत पृष्ठभागावरून भरभर फिरवा, ज्योतीचं टोक जेमतेम टेकेल असं, वितळू द्यायचं नाही. नंतर पाण्याचा थेंब मण्यासारखा न राहता पसरला की जमलं. अर्ध्या तासात इपॉक्सी लावा, तो परिणाम टिकत नाही. हे बोटीबाहेर, अर्थात.

खटके मात्र जोडत बसू नका, बदला. भोकाचं माप घ्या, ते मोटारीच्या दाराच्या पॅनेलच्या एखाद्या खटक्याशी जुळतंच. नवे नायलॉनचे आणले आणि बसवतानाच मोडले तर ते कोरडे पडलेत : उकळत्या पाण्यात अर्धा तास टाका. नायलॉन पाणी पितं आणि चिवट होतं.

रापण

खटके थ्रीडी प्रिंट करून घेणारे असतील तर पीएलएमध्ये करू नका, ते ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं आणि एप्रिलमध्ये छताखाली तितकं होतं. एबीएस किंवा एएसए. एएसएला ऊन जास्त सोसतं. आणि खटक्याची जीभ छपाईच्या थरांना आडवी न येता थरांच्या लांबीत जाईल असा आडवा ठेवून छापायला सांगा. उभा छापलेला खटका पहिल्याच दाबाला थरातून सुटतो.

तांडेल

सगळ्यांचे आभार. अद्यतन : चौकट शोभेचीच निघाली, काच बाहेरच्या ॲल्युमिनियमवर आहे. आणि कानसवाला यांची पहिली शंका खरी. खालच्या कडेचा प्लाय डावीकडे २०० मिमीपर्यंत ओला, टोचा ८ मिमी आत जातो. बाहेरची खिडकी काढून नव्याने बसवावीच लागणार. त्याचा क्रम, मग रंग आणि स्क्रू याबद्दल सांगा. तुकडा आणि तडे पेजेने, मग पूर्ण खालची पट्टी कापडाने, असं ठरवतोय.

साउदम्प्टनकर

प्लाय : मऊ झालेला भाग वाकवलेल्या खिळ्याने दोन्ही फायबर थरांमधून उकरून काढा, निरोगी लाकूड लागेपर्यंत. पावसाळ्यात ते आपोआप सुकणार नाही. वरून आडोसा करून, आत टेबल फॅन लावून आठवडाभर तरी द्या, घाई असेल तर साधा पिवळा बल्ब जवळ ठेवा. मग पातळ इपॉक्सी ब्रशने पाजा, ती ओली असतानाच जाड केलेली इपॉक्सी दाबून भरा. आतल्या ट्रिमचे स्क्रू आता याच भरावात जातील, म्हणजे लाकडाला पाणी पोचायची वाट बंद.

बाहेरची चौकट ब्युटाइल टेपवर (चिकट रबरी पट्टीवर) बसवा. ती सुकत नाही, पुढे काढावी लागली तर निघते. स्क्रू एका दिवसात पूर्ण आवळू नका, दोन-तीन दिवस थोडे थोडे, जास्तीची टेप बाहेर येईल तशी कापा. ट्रिम लावण्याआधी पाण्याच्या पाइपने दहा मिनिटं खालून वर मारा. वरून सुरुवात केली तर गळती कुठली ते कळत नाही.

रापण

रंग. जोड ३२० ने, मग ४०० वॉटर पेपर. प्लॅस्टिकचा प्रायमर एक पातळ हात, मग ॲक्रिलिक स्प्रेचे तीन पातळ हात, मधे दहा-पंधरा मिनिटं. पहिला हात धुक्यासारखा, त्याने झाकलं जाऊ नये. ओला जाड हात मारला तर त्यातला द्रावक पेजेच्या ताज्या जोडावर जाऊन बारीक रेषा काढतो. जोड आठवडाभर जुना झाल्याशिवाय रंग नकोच. मोटारवाल्यांचा दोन भागांचा पॉलीयुरेथेन जास्त टिकतो हे खरं, पण त्यातलं आयसोसायनेट फुफ्फुसाला घातक आहे, साधा मास्क अपुरा. ते काम रंगाच्या बूथमध्ये द्या. चारही खिडक्यांच्या चौकटी एकदमच रंगवा, एकच पांढरी केली तर बाकीच्या तीन जुन्या नाहीत, घाणेरड्या दिसतील.

कानसवाला

स्क्रू. नागदेवीला (मुंबईचा हार्डवेअर बाजार) ‘एसएस’ मागितलंत तर २०२ प्रतीचं स्टील हाती येतं आणि पहिल्याच हंगामात तांबूस ओघळ. ३१६ असं स्पष्ट मागा आणि बिलावर लिहून घ्या. ३.५ मिमीचा, गोल किंवा पसरट डोक्याचा, चपटा अजिबात नको. लांबी मोजा : ट्रिम, कापड आणि भराव मिळून जेवढं, त्यापेक्षा स्क्रू आखूड हवा, बाहेरच्या थरापर्यंत ३ मिमी तरी उरले पाहिजेत.

भरावात २.८ मिमीचं भोक, तोंडाशी किंचित रुंद करून, म्हणजे स्क्रू चढताना जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) उचलत नाही. ट्रिममधली भोकं ५ मिमी करा. प्रत्येक पट्टीच्या मधल्या जागी एकच भोक घट्ट ठेवायचं असतं, पण तुमच्या चौकटीला मधे स्क्रू नाही, चार आहेत, तर वरच्या पट्टीतल्या आतल्या दोघांपैकी एक ३.७ मिमी ठेवा, ते चौकट जागेवर धरेल. बाकी सात मोकळे. ५ मिमीचं भोक पाडताना धातूचा नवा धारदार बिट प्लॅस्टिकमध्ये खेचला जाऊन कड फोडतो. पायऱ्यापायऱ्यांचा बिट वापरा किंवा मागे लाकूड धरून उलट्या दिशेने सुरुवात करा.

डोक्याखाली १० मिमीचा नायलॉन वायसर. इलेक्ट्रिक ड्रिलने आवळू नका. हाताने, वायसर बोटाने जेमतेम फिरेल इतपत. फिरलाच नाही तर पाव आटा मागे.

तांडेल

खालच्या पट्टीतल्या तीन फाटलेल्या भोकांच्या जागीच नवी भोकं पाडू का, की सरकवून?

कानसवाला

सरकवू नका, बाहेरून दिसणारी अंतरं बिघडतात. जुनी भोकं पेजेने आणि कापडाने पूर्ण बुजवा, आठवड्याने त्याच केंद्रावर ५ मिमी पाडा. फक्त कडेपासूनचं अंतर मोजा. भोकाच्या कडेपासून ट्रिमच्या कडेपर्यंत ६ मिमी तरी हवेत. आता किती आहेत?

तांडेल

चार.

कानसवाला

मग केंद्र आतल्या बाजूला ३ मिमी घ्या, चारही भोकांचं सारखंच. खालच्या भरावात भोक अजून पाडलेलं नाही, ते ट्रिम जागेवर धरून तिच्यातूनच खुणा करून पाडा.